केसभर डावीकडे

भोक डावीकडे सरकलं होतं. फार नाही, केसभर. नमुन्याची काच वर ठेवून दोन्ही काचा दिव्यासमोर धरल्या आणि भिंगातून पाहिलं, की वरच्या भोकात खालचं भोक पुरतं दिसत नसे. उजव्या कडेला कापलेल्या नखाएवढी काच शिल्लक राही. तेवढ्यानेच सगळा घोटाळा होई. भोक काचेच्या कडेच्या तेवढंच जवळ जाई, आणि स्क्रू आवळताना अगदी शेवटच्या अर्ध्या वेढ्याला काच तडकल्याचा एक बारीक आवाज येई. टक्. मुंगीने बोटं मोडावीत तसा.

“आला आवाज?” पडद्यापलीकडून अण्णांनी विचारलं.

“आला,” सूनबाई म्हणाली.

“डावीकडे?”

“डावीकडेच. आणखी कुठे जाणार ते.”

अण्णा म्हणजे तिचे सासरे, आणि पडदा म्हणजे त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या दोन खोल्यांमधला पडदा. पुढच्या खोलीत फ्रेमांची कपाटं, आरसे, डोळे तपासायची खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मागच्या खोलीत एक टेबल, टेबलावर शिवणयंत्राएवढं ड्रिल मशीन, मान वाकवलेला दिवा आणि एक भिंग. पुढची खोली सूनबाईची. लग्न होऊन आली तेव्हापासून गिऱ्हाइकांचे डोळे तीच तपासत आली होती, आणि गिऱ्हाइकंही तिला सूनबाईच म्हणत. मागची खोली अण्णांची. तिथे बसून ते उमेदीच्या काळापासून बिनफ्रेमचे चष्मे बनवत आले होते. बिनफ्रेमच्या चष्म्याला आधार असा काही नसतो. काचेला भोकं पाडायची, त्यातून स्क्रू घालायचे आणि त्या भोकांच्या भरवशावर सगळा संसार नाकावर टांगायचा. असे चष्मे गावभर अण्णांचेच. लोक म्हणत, अण्णांचा हातच वेगळा. अण्णा यावर हो म्हणत नसत, पण नाही म्हणण्याची घाईही करत नसत.

मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या बशीला कळलं, मग घरच्यांना, आणि सगळ्यात शेवटी अण्णांना. डॉक्टर म्हणाले, जेवा, लिहा, फिरा, पण बारीक काम आता सोडा. तेव्हा मागच्या टेबलाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लिफ्टहून लहान वस्तू हातात दिली की घाबरून ती खाली ठेवायचा. मुलगी शाळेत गणित शिकवायची. भोकं पाडायला मला वर्गातली डोकी पुरेत, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. उरली सूनबाई.

“टेबल घेतेस का?” अण्णांनी तिला सरळ विचारलं होतं.

“एक भोक सरळ पडू दे, मग सांगते,” असं ती म्हणाली होती.

त्या वेळी हे उत्तर दोघांनाही शहाणपणाचं वाटलं. पुढे त्याचं जे भिजत घोंगडं पडलं, ते पडलंच. अण्णा आठवड्यातून एकदा विचारत, ती तेच सांगे, अण्णा मान डोलावत. असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण मध्ये जुन्या यंत्रांचा एक व्यापारी दुकानात आला. त्याने ड्रिल मशीनवरून असा काही हात फिरवला, की सूनबाईला उगाचच पदर सावरावासा वाटला. शनिवारी टेम्पो घेऊन येतो, तोवर काय ते ठरवा, असं सांगून तो गेला. अण्णा त्याला हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते मशीन दिवसातून तीनतीनदा पुसायला लागले. मशीन गेलं, की बिनफ्रेमचं काम बाहेरच्या मोठ्या कारखान्यात पाठवायला लागणार, दुकानात नुसत्या फ्रेमा मांडून बसायचं, आणि पडद्यामागे झाडू आणि बादली. हे अण्णा बोलत नव्हते. पण माणूस मशीनच्या पायाखालची धूळसुद्धा पुसायला लागला की न बोलताही कळतं.

चिकाटीच्या बाबतीत सूनबाईला नावं ठेवायला जागा नव्हती. दुपारी दुकान बंद झालं की ती रोज मागच्या खोलीत बसे आणि सरावाची एक काच घेई. सरावाच्या सगळ्या काचा एकाच मापाच्या, एकाच डोळ्याच्या. अण्णांनी तसा दंडकच घातला होता. आधी एक बाजू साध, मग दुसरीकडे वळ. नमुना वर ठेवायचा, त्याच्या भोकातून खालच्या काचेवर शाईचा ठिपका द्यायचा, नमुना काढायचा, ठिपक्यावर ड्रिलची सुई टेकवायची आणि मशीनचा दांडा हळूहळू खाली ओढायचा. ती हे सगळं न चुकता करी, आणि न चुकता चुके.

तिला उत्साह देणाऱ्यांची वाण नव्हती. नणंद रोज सकाळी फोनवर उगवत्या सूर्याचं एक चित्र आणि त्याखाली प्रयत्नांविषयी काहीतरी लिहिलेलं पाठवायची. सूनबाई फोन लांब धरून ते वाचायची आणि हात जोडल्याचं चिन्ह परत पाठवायची. एकदा नवऱ्यालाही तिने ते वाचून दाखवलं: रोज थोडं थोडं वर चढा. तो म्हणाला, लिफ्टही रोज वर जाते, मग खालीही येते, आणि मध्येच अडकली की मला बोलावतात.

मनातून तिला उत्तर केव्हाच ठाऊक होतं. काहींच्या हातात कसब असतं, काहींच्या नसतं, आणि आपण दुसऱ्या रांगेतल्या. लहानपणी तिने शर्टाला लावलेलं बटण पाहून आई म्हणाली होती, हिच्या हाताला वळण नाही. शर्ट केव्हाच फाटून गेला, बटण हरवलं, पण वाक्य मात्र अजून नव्यासारखं टिकलं होतं. ती रोज दुपारी टेबलाशी बसायची ती याच खात्रीने, की हे जमणार नाही. आणि काच तिला रोज खरं ठरवायची.

बिघडलेली काच टाकायची नाही, ही त्या खोलीची रीत. दुकानदार बिलं तारेला अडकवून ठेवतात तशी प्रत्येक बिघडलेली काच तिच्या त्याच चुकलेल्या भोकातून तारेत ओवायची आणि तार खिळ्याला टांगायची. अण्णांनी ही रीत का घातली ते कुणी विचारलं नव्हतं. सूनबाईला वाटे, शरम वाटावी म्हणून असेल. तिची तार खिडकीजवळ होती. आता ती इतकी भरली होती, की वारा आला की खोलीत कुणीतरी बशा विसळत असल्यासारखा आवाज येई.

त्या आठवड्यात शाळा लवकर सुटली म्हणून नणंद दुकानात आली. अण्णा पुढे बसून पेपर वाचत होते. ती पडदा बाजूला करून आत शिरली, आणि बसायला दुसरी जागा नाही म्हणून खिडकीशी उभी राहिली. तिची जाड काचांची नजर तारेवर गेली. तिने काचांचा सगळा झुबका हातात घेतला, पत्ते ठोकून सारखे करावेत तसा टेबलावर ठोकला आणि डोळ्यांजवळ नेला.

“वहिनी,” ती म्हणाली, “तू चुकतेस, पण किती नेमाने चुकतेस गं.”

“टोमणे मारायचे असतील तर चहा करून मार,” सूनबाई म्हणाली.

“टोमणा नाही मारत. कडा बघ.”

सूनबाईने झुबका हातात घेतला, लांब धरला आणि पाहिलं. तार एका बाजूच्या भोकांतून गेलेली, आणि सगळ्या काचांच्या कडा एका रेषेत. एकही काच पुढे नाही, मागे नाही. बोट फिरवलं तर कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावरून फिरवल्यासारखं.

“म्हणजे प्रगती शून्य,” ती म्हणाली.

नणंदेने झुबका परत खिळ्याला अडकवला. ती दाराकडे गेली, दारामागे टांगलेला अण्णांचा जुना, शाईचे डाग पडलेला एप्रन बाजूला केला आणि त्याखालची गंजकी तार काढून आणली. सूनबाईला ती तार माहीत होती, पण ती भंगार म्हणून. तिच्यावरच्या काचा पिवळ्या पडलेल्या, आणि ठोकून ठोकून सारख्या केल्या तरी झुबका काही नीट बसेना. कुठली काच पुढे, कुठली मागे, कुठली तिरपी. एकीचं भोक तर इतकं आत, की ते पाडताना कुणाला तरी शिंक आली असावी.

“ही कुणाची?” सूनबाईने विचारलं.

“ज्यांचा हातच वेगळा, त्यांची,” नणंद मोठ्याने म्हणाली. पडद्यापलीकडे पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला, आणि मग उगाचच खोकल्याचा.

सूनबाईने ती तार हातात घेतली. अण्णांनी इतक्या काचा फोडल्या असतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण तिला धीर येण्याऐवजी आणखीच खचल्यासारखं झालं. अण्णांच्या चुकांमध्येसुद्धा विविधता होती. आपल्याला तेवढीही जमू नये.

यावर नणंदेने कपाळाला हात लावला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. तिच्याकडे दोन प्रकारची पोरं असतात. एकांची गणितं वाटेल तशी चुकतात; आज इथे, उद्या तिथे. त्यांना वेळ लागतो. दुसरी पोरं प्रत्येक गणितात तीच चूक करतात, जराही इकडे-तिकडे नाही. अशा पोरांना ती समोर बसवून एक गणित मोठ्याने बोलत करायला लावते, कारण त्यांना गणित येत असतं. मध्ये कुठेतरी एक गोष्ट उलटी शिकलेली असते, आणि ती ते इमानाने करत राहतात.

“तुझा हात घड्याळासारखा आहे,” नणंद म्हणाली. “वेळ चुकीची दाखवतंय, पण घड्याळच आहे. आता मला एक काच करून दाखव. मी बघते.”

कुणी बघत असलं की सूनबाईला नीट श्वाससुद्धा घेता येत नसे. तरी तिने नमुना ठेवला, लेखणी उचलली. मग नेहमीप्रमाणे दिवा जवळ ओढला, काच हातभर लांब धरली, हनुवटी वर केली आणि डोकं उजवीकडे कलतं करून नमुन्याच्या भोकात पाहिलं.

“थांब,” नणंद म्हणाली. “हलू नकोस. अशीच बसतेस रोज?”

“कशी?”

“शेजारच्या बाकावरची वही बघितल्यासारखी.”

नमुन्याच्या काचेला जाडी असते, एवढं लक्षात घेतलं की पुढचं सरळ होतं. खोल भांड्याच्या तळाशी नाणं असावं आणि आपण उजव्या बाजूने वाकून बघावं, तर जे बरोबर मधोमध वाटतं ते असतं डावीकडे. सूनबाई रोज उजवीकडून बघत होती आणि रोज अगदी मधोमध ठिपका देत होती. फक्त ते मधोमध तिच्या कलत्या डोक्याच्या जागेवरून दिसणारं होतं. पुढे सुई ठिपक्यावर टेकवण्यात, दांडा ओढण्यात तिचा हात कधीच चुकला नव्हता. तो बिचारा सांगितल्या कामाला चोख होता.

हे समजल्यावर ती सरळ बसली, काच डोळ्यांखाली घेतली, आणि तिला ठिपका द्यायचं भोकच सापडेना. दिवा मंद आहे, ती म्हणाली. हल्ली बल्बच वाईट येतात. याआधी तिने तो कितीदा तरी बदलला होता.

नणंदेने बल्बकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं.

“डोळे कधी तपासलेस?”

सूनबाईला हसू आलं. दर वर्षी तपासते म्हणाली, स्वतःच, पुढच्या खुर्चीवर बसून. या घरात चष्मा नसलेली ती एकटीच होती, आणि गिऱ्हाइकांत याचं मोठं कौतुक होतं. चष्म्याच्या दुकानात बसून चष्मा नाही म्हणजे केवढे डोळे, असं लोक म्हणत. ती यावर हो म्हणत नसे, पण नाही म्हणण्याची घाईही करत नसे.

“आत्ता वाचून दाखवते,” ती म्हणाली आणि दोघी पुढच्या खोलीत आल्या.

जवळचं वाचायला देतात ते कार्ड नणंदेने गल्ल्यावरून उचलून तिच्या हातात ठेवलं. वर मोठ्या अक्षरांच्या ओळी असतात, खाली खाली लहान होत जातात. वरच्या ओळींत वेळ कशाला घालवायचा म्हणून सूनबाई थेट शेवटच्या, सगळ्यात बारीक परिच्छेदावर आली, आणि न अडखळता घडाघडा वाचत गेली. माळी रोज सकाळी उठून बागेतल्या झाडांना पाणी घालतो. बागेच्या कडेला एक विहीर आहे. विहिरीचं पाणी थंड असतं. अगदी पूर्णविरामाशी श्वास घेऊन तिने विजयी मुद्रेने कार्ड परत दिलं.

अण्णांनी पेपर खाली ठेवला होता. नणंदेने कार्ड स्वतःच्या नाकाजवळ नेलं आणि सावकाश वाचलं.

“शेळीने कुंपणावरून उडी मारली. शेजाऱ्याची टोपी तिला फार आवडली.” तिने वर पाहिलं. “वहिनी, माळी कुठेय गं? मला नुसती शेळी दिसतेय.”

नव्या कार्डांचं पाकीट त्याच दिवशी सकाळी आलं होतं. कंपनीने मजकूर बदलला होता. अण्णांनी पाकीट फोडून एक गल्ल्यावर ठेवलं होतं आणि सांगायचं विसरले होते.

अण्णा आधी नुसते गदगद हलले, मग त्यांना ठसका लागला, मग नणंदेला त्यांच्या पाठीवर हात फिरवावा लागला, आणि त्या गडबडीत तिचा स्वतःचा चष्मा खाली पडला. सूनबाई मात्र उभी होती तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढून सगळ्या वर्षांच्या तपासण्या गेल्या. दर वर्षी तीच खुर्ची, तेच कार्ड, तोच माळी. ज्या परीक्षेची उत्तरं पाठ होती, ती परीक्षा ती स्वतःच घेत होती, स्वतःच देत होती आणि स्वतःच पहिली येत होती. गिऱ्हाइकांपुढे ती कार्ड धरी तेव्हा त्यांच्या चुका तिने न बघताच दुरुस्त केल्या होत्या.

“बस, नंबर काढतो,” अण्णा डोळे पुसत म्हणाले.

“नंतर,” ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

नंतर म्हणजे ती दोघं गेल्यावर, दार लोटून. तपासणीची फ्रेम तिने स्वतःच्याच नाकावर चढवली आणि पेटीतल्या भिंगांपैकी एक, मग दुसरं, मग तिसरं घालून पाहिलं. तिसऱ्याला पडदा उचलून ती टेबलाशी गेली आणि खुर्चीवर बसली. टेबलाच्या लाकडाला रेषा होत्या. मशीनच्या दांड्यावर अण्णांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या चार जागा होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक ओरखड्यांचं जाळं. स्वतःच्या बोटांवर काचेने काढलेल्या इतक्या रेघा होत्या, की तिला स्वतःचीच दया आली. जाता जाता आरशातही डोकावली आणि ताबडतोब फ्रेम काढली. सगळंच एका दिवशी बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चाळिशी लावून दुकानात आली. गिऱ्हाइकांना वाईट वाटलं. एका म्हातारबांनी तर ती आजारी आहे का असं विचारलं. नवऱ्याने नीट न्याहाळून सांगितलं, की आता तू मला ओळखशील ना. दुपारी दार बंद झाल्यावर ती टेबलाशी गेली. आता दिसत होतं, कारण कळलं होतं, सरळ बसायचं माहीत होतं. अण्णा पडद्याआड, आणि या वेळी पेपरचं पान उलटल्याचा आवाजही येत नव्हता.

टक्.

“डावीकडे?” अण्णांनी विचारलं.

सूनबाईने भिंग उचललं. मग काच फिरवून पुन्हा पाहिलं.

“वर,” ती म्हणाली. “आणि जरा उजवीकडे.”

पुढची काच खाली गेली. त्यापुढची कुठे गेली हे नीट सांगताच येईना; भोक गोलसुद्धा नव्हतं. तिचा हात इतके दिवस लांब धरलेल्या काचेची सवय करून बसला होता. आता काच जवळ आली, कोपर टेबलाला लागायला लागलं, खांदा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. सगळं पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत तिने रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त काचा फोडल्या, आणि त्यातल्या कुठल्याच दोन चुका एकमेकींना ओळखत नव्हत्या.

नणंद हे बघायला मुद्दाम आली आणि खूश झाली. सूनबाईला तिच्या डोक्यात दिवा घालावासा वाटला. आधी निदान एका जागी चुकत होते, ती म्हणाली. निदान घड्याळ होते. आता ते घड्याळही फुटलं. अण्णा आत आले. त्यांनी तिच्या नव्या काचा एका वेगळ्या तारेत ओवल्या. हात थरथरत होता म्हणून तार भोकात जाताना दोनतीनदा चुकली, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग ती तार त्यांनी दारामागे, स्वतःच्या गंजक्या तारेशेजारच्या खिळ्याला अडकवली. दोन्ही झुबके शेजारी शेजारी लोंबत राहिले. एक पिवळा, एक पांढरा, आणि दोन्ही सारखेच वेडेवाकडे.

“आता जरा घरची वाटतेयस,” अण्णा म्हणाले, आणि मशीन पुसायचं फडकं घेऊन बाहेर गेले.

शुक्रवारी ती एकटीच दोन्ही तारांसमोर उभी होती. अण्णांच्या तारेवर खालून वर बघत गेलं, म्हणजे सगळ्यात जुन्या काचेपासून नव्या काचेकडे, तर झुबका वर वर जाताना थोडा आवळत जातो, हे तिला आज दिसत होतं. सरळ कुठेच होत नाही. शेवटची काचसुद्धा किंचित बाहेर आहे. त्यानंतर तारेवर काच नाही. म्हणजे तिच्यानंतर ते सरावाच्या काचा सोडून खऱ्या चष्म्यांवर बसले असणार, ती बाहेर आलेली असतानाच. कुणी त्यांना तेव्हा विचारलं असेल का, टेबल घेतोस का, आणि ते काय म्हणाले असतील.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसायला चाळिशीची गरज नव्हती. एक भोक सरळ पडू दे, मग सांगते. हे वाक्य तिने किती सोयीचं करून ठेवलं होतं. भोक पडत नव्हतं, म्हणून उत्तर द्यायला लागत नव्हतं. रोजची काच फुटली की ती खट्टू व्हायची खरी, पण त्या खट्टू होण्याखाली एक बारीकसं हायसंही असायचं, की झालं, आजचा दिवस टळला. मेहनत खरीच होती. पण ती मेहनतच तिने पुढे उभी केली होती, आणि मागे ती स्वतः लपून बसली होती. आईचं ते बटणाचं वाक्यही तिथेच जपून ठेवलेलं.

तिला थोडी लाज वाटली आणि थोडं हसू आलं. मग तिने एक काच घेतली, आणि तीही फोडली.

शनिवारी टेम्पो दुकानाच्या दारात उभा राहिला तेव्हा ती मागच्या खोलीत होती. व्यापाऱ्याने येताना दोर आणि जुनी गोधडी आणली होती. तो पडद्याच्या चौकटीची रुंदी वितीने मोजू लागला, आणि मशीन उभं निघेल की आडवं यावर स्वतःशीच चर्चा करू लागला. नणंद सुट्टी म्हणून आली होती आणि त्याच्या वाटेत बरोबर मधोमध स्टूल टाकून बसली होती. अण्णा कोपऱ्यात उभे होते, हातात फडकं. पुसायला काहीच उरलं नव्हतं, तरी ते फडक्याची घडी घालत होते आणि मोडत होते.

“बाई, जरा उठता का,” व्यापारी म्हणाला. “खालचे बोल्ट काढायचेत.”

“एवढी एक काच होऊ दे,” सूनबाई म्हणाली.

तिने नमुना ठेवला. चाळिशी नाकावर नीट बसवली, मान सरळ केली आणि वरून, अगदी वरून भोकात पाहिलं. ठिपका दिला. नमुना बाजूला ठेवला. सुई टेकवली, दांडा ओढला. बारीक पांढरा भुसा काचेवर साचला, तो तिने फुंकून उडवला. मग स्क्रू घातला आणि आवळत गेली, सावकाश, एकेक वेढा. काय चाललंय ते कळत नसूनही व्यापारी दोर हातात धरून थांबला होता. शेवटचा वेढा. शेवटचा अर्धा वेढा.

टक्.

अण्णांनी फडक्याची घडी मोडली. “डावीकडे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

तिने भिंग घेतलं आणि काच दिव्यासमोर धरली. घाई केली नाही.

“नाही. खाली गेलंय, थोडंसंच,” ती म्हणाली. “ठिपका बरोबर होता. दांडा ओढताना माझं कोपर उचललं गेलं.”

“मग?” नणंद म्हणाली.

सूनबाईने ती काच स्क्रूतून सोडवली, दारामागच्या नव्या तारेत ओवली आणि तार खिळ्याला परत अडकवली. मग येऊन त्याच खुर्चीवर बसली आणि व्यापाऱ्याकडे नाही, अण्णांकडे पाहून म्हणाली, “अण्णा, भोक अजून सरळ पडलेलं नाही. टेबल मी घेते.”